चित्रफितीवरील नाट्यप्रयोग : रस आणि साक्ष

नटाची कला ही सर्व कलांत अल्पायुषी होय, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातील दुःख आता आपल्याला बोचेनासे झाले आहे. कवीचे काव्य उरते, शिल्पकाराची मूर्ती उरते, गवयाचा आवाजही विसाव्या शतकाच्या आरंभापासून ध्वनिमुद्रिकेवर उरू लागला. नट मात्र रंगपटात जाऊन चेहऱ्यावरचा रंग पुसतो, आणि त्या रात्रीची त्याची निर्मिती त्या रंगाबरोबरच पुसली जाते. मागे राहते ती पाहणाऱ्यांची आठवण. आणि पाहणारेही एक एक करून निघून जातात.

मराठी नाट्यसमीक्षेचा बराच मोठा भाग या आठवणीवर उभा आहे. शेक्सपीअरच्या 'हॅम्लेट'चे गोपाळ गणेश आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने भाषांतर केले आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या रंगमंचावर गणपतराव जोशी यांनी त्यातील नायक उभा केला. गणपतराव १९२२ मध्ये वारले. त्यांचा हॅम्लेट पाहिलेला प्रेक्षक आज हयात असण्याचा संभव नाही. तरीही तो हॅम्लेट थोर होता याविषयी आपल्यात दुमत नाही. हे एकमत कशावर आधारलेले आहे? ज्यांनी पाहिले त्यांनी लिहिले. त्यांचे लिहिलेले ज्यांनी वाचले त्यांनी पुन्हा लिहिले. आणि अशा रीतीने एका पिढीचा अनुभव पुढील पिढ्यांची श्रद्धा बनला. बालगंधर्वांच्या बाबतीत स्थिती किंचित बरी. त्यांचा स्वर ध्वनिमुद्रिकांतून आजही ऐकता येतो. १९३५ च्या 'धर्मात्मा' या चित्रपटात ते दिसतातही. परंतु तेथे ते संत एकनाथांच्या पुरुषभूमिकेत आहेत आणि समोर प्रेक्षागृह नसून कॅमेरा आहे. 'एकच प्याला'तील सिंधू रंगमंचावर कशी वावरत होती हे जाणून घ्यावयाचे, तर पुन्हा आठवणींचेच दार ठोठवावे लागते.

या आठवणी लिहून ठेवणाऱ्यांचे आपल्यावर ऋण आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु आठवणीची एक सत्ताही असते. तरुण वाचकाने थोडी शंका काढली की, 'तुम्ही ते पाहिले नाही' एवढ्या चार शब्दांत वाद संपतो. ज्याने पाहिले त्याचे मत प्रमाण, आणि ज्याने पाहिले नाही त्याला मत असण्याचाच अधिकार नाही, असा हा न्याय आहे. नाट्याखेरीज अन्य कोणत्याही वाङ्मयप्रकारात असा न्याय चालत नाही. ज्ञानेश्वरीविषयी बोलावयास कोणी ज्ञानेश्वरांचा समकालीन असावे लागत नाही.

चुंबकीय चित्रफितीने या न्यायाला पहिला धक्का दिला. दूरचित्रवाणीच्या उपयोगासाठी ही फीत १९५६ पासून अमेरिकेत व्यवहारात आली. सत्तरीच्या दशकात ती आटोपशीर पेटीत बसून घराघरांत शिरू लागली, आणि आपल्याकडे ऐंशीच्या दशकात तिने चांगलेच मूळ धरले. या फितींवर नाट्यप्रयोगही उतरले : काही जाणीवपूर्वक, काही सहज, काही चोरून. आज अशा एखाद्या जुन्या फितीचा ठावठिकाणा लागला की नाट्यरसिक धडपडत तेथे पोचतो. चित्र थरथरते, रंग उडालेले असतात, आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. तरीही तो तीन तास हलत नाही. हे आकर्षण नेमके कशाचे आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या प्राचीन साहित्यशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर अशा फितीपासून आनंद होऊच नये. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांपैकी 'प्रतीत्युपायवैकल्य', म्हणजे प्रतीतीच्या साधनांतील उणीव, आणि 'स्फुटत्वाभाव', म्हणजे स्पष्टतेचा अभाव, ही दोन तर जुन्या फितीच्या जन्मालाच चिकटलेली आहेत. नटाचा चेहरा दिसत नाही तेथे सात्त्विक अभिनय कसा पोचणार? वाक्याचा शेवट फितीच्या खरखरीत बुडतो तेथे वाचिक अभिनयाचे काय होणार? शिवाय नट आणि प्रेक्षक एका छताखाली एकाच वेळी असणे ही जी नाट्यप्रयोगाची मूळ अट, तीच येथे पुरी होत नाही. तेव्हा दोनच पर्याय उरतात. एक तर हे आकर्षण केवळ दुर्मिळ वस्तूचा हव्यास आहे, जुनी नाणी जमविणाऱ्याच्या हव्यासासारखा. किंवा मग त्यापासून मिळणारा आनंद हा रसाचा नसून दुसऱ्याच कोणत्या तरी जातीचा आहे.

एक लहानसे उदाहरण घेतो. बेळगावकडील एका गावी, एका परिचिताच्या लोखंडी कपाटातून निघालेली एक फीत प्रस्तुत लेखकाला पाहावयास मिळाली. गावातील हौशी मंडळाने बऱ्याच वर्षांपूर्वी केलेल्या 'संगीत सौभद्र'चा तो प्रयोग. कॅमेरा एकाच जागी उभा. मधूनमधून पुढच्या रांगेतल्या कोणाचे तरी डोके चित्राच्या खालच्या कडेशी येते आणि जाते. प्रयोग सामान्य होता, हे सांगितले पाहिजे. अर्जुनाला आपले हात कोठे ठेवावेत हे ठाऊक नव्हते, आणि पहिल्या अंकात सूत्रसंवादकाचा आवाज नटाच्या आवाजाआधी ऐकू येत होता. परंतु एका पदाला वन्समोअर मिळाला आणि त्या क्षणी ही फीत एकाएकी मोलाची झाली. पद म्हणून झाल्यावर सुभद्रेचे काम करणाऱ्या बाईंनी खांबावरचा हात काढला, पेटीवाल्याकडे पाहून किंचित मान हलविली, पदराने ओठावरचा घाम टिपला. आणि मग तोच हात पुन्हा त्याच खांबावर, त्याच जागी ठेवून त्या पुन्हा सुभद्रा झाल्या. दुसऱ्या वेळी पद अधिक सावकाश म्हटले गेले, आणि अधिक चांगले.

संगीत रंगभूमीवरील वन्समोअरविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक निंदेच्या सुरात. त्याने नाटकाचा रसभंग होतो, कथानक खोळंबते, नट पात्राच्या बाहेर येतो, हे सर्व आक्षेप शास्त्रशुद्ध आहेत. परंतु नट पात्राच्या बाहेर येतो म्हणजे नेमके काय करतो, आणि परत आत जातो तो कोणत्या वाटेने, हे त्या लेखनात आढळत नाही. लिहिणाऱ्याला पद आठवते. दोन पदांमधले ते अर्धे मिनिट आठवत नाही. आठवण नेहमी शिखरांची असते. फीत मात्र शिखर आणि दरी यांत भेद जाणत नाही, आणि हा तिचा अडाणीपणाच समीक्षकाच्या उपयोगी पडतो. त्या अर्ध्या मिनिटात एक गोष्ट उघड दिसली : प्रेक्षक आणि नटी या दोघांनाही पात्राचा विसर पडला नव्हता, दोघांनी मिळून त्याला क्षणभर बाजूला उभे केले होते. वन्समोअर हा रसभंग नसून एक करार आहे, असा विचार त्यामुळे प्रथमच मनात आला. तो बरोबर असेल वा नसेल. परंतु तो वाचनातून आला नसता.

आता या घरगुती उदाहरणाकडून एका जगप्रसिद्ध उदाहरणाकडे वळू. आणि ते पुन्हा हॅम्लेटचेच असल्याने गणपतरावांची आठवण मनात ठेवूनच त्याकडे पाहता येईल. ९ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या लंट-फॉन्टॅन नाट्यगृहात रिचर्ड बर्टन यांच्या 'हॅम्लेट'चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जॉन गिलगुड हे स्वतः आपल्या काळचे मान्यवर हॅम्लेट. नटांनी राजवाड्यातील पोशाख न घालता तालमीला येतात तसे साध्या कपड्यांत उभे राहावे, अशी त्यांची कल्पना होती. या नाटकाचे १३७ प्रयोग झाले. ब्रॉडवेवर एवढा दीर्घ काळ तोवर कोणताच 'हॅम्लेट' चालला नव्हता. प्रयोग चालू असतानाच जून अखेरीस आणि जुलैच्या आरंभी विद्युत्-कॅमेऱ्यांनी तो नाट्यगृहातच, प्रेक्षकांसमोर, टिपण्यात आला आणि ते चित्र फिल्मवर उतरविण्यात आले. २३ व २४ सप्टेंबर १९६४ या दोनच दिवशी अमेरिकेतील सुमारे एक हजार चित्रपटगृहांत ते दाखविले गेले. त्यानंतर सर्व प्रती नष्ट करावयाच्या, असे आधीच ठरलेले होते.

या अटीचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. तिच्यामागे व्यापारी हिशेब होता, यात संशय नाही. दोनच दिवस मिळणारी वस्तू लोक धावत येऊन घेतात. परंतु त्या हिशेबात नकळत एक कलाविषयक सत्य मान्य केलेले होते. चित्रपटाला नाटकाची गोडी आणावयाची असेल तर त्याला नाटकाचे मरणही दिले पाहिजे, हे ते सत्य होय. सुदैवाने, वा दुर्दैवाने म्हणा, ते मरण पुरते साधले नाही. १९८४ मध्ये बर्टन वारले. त्यानंतर त्यांच्या घरच्या मोटारखान्यात एक प्रत मिळाली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून हा प्रयोग कोणालाही घरी पाहता येऊ लागला. ज्याला एका नाटकाइतकेच आयुष्य नेमून दिले होते, ते चित्र आपल्या नटाच्या मागे उरले.

ते पाहताना प्रथम निराशा होते. रंगमंचावरील प्रकाश कॅमेऱ्याला अपुरा. कडा काळोखात विरलेल्या. मोठ्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी केलेला अभिनय जवळच्या कॅमेऱ्यापुढे अवजड वाटतो. बर्टन यांचा विख्यात आवाज पुष्कळ वेळा शब्दांच्या अर्थापुढे धावतो. या उणिवा नटाच्या की साधनाच्या, हे ठरविणे कठीण आहे. परंतु पहिला अर्धा तास सरल्यावर कान दुसरेच काही ऐकू लागतो. ह्यूम क्रोनिन यांचा पोलोनिअस आपल्या लांबलचक वाक्यांत अडकू लागतो, आणि प्रेक्षागृह हसते. ते हसू एकदम येत नाही. आधी थोडे, मग सर्वत्र. क्रोनिन त्या हसण्याची वाट पाहतात, ते पुरते विरू देत नाहीत, आणि नेमक्या क्षणी पुढचा शब्द त्यावर ठेवतात. पोलोनिअसविषयी शेकडो पाने वाचूनही ही गोष्ट कळत नाही. येथे आपण पोलोनिअस पाहत नसतो. पोलोनिअस आणि त्या संध्याकाळचे लोक यांच्यामध्ये काय घडले ते पाहत असतो.

माझ्या मते जुन्या फितीच्या आकर्षणाचे मर्म येथे आहे. ती आपल्याला नाटक देत नाही. नाटक ग्रंथात आहे. ती आपल्याला रसही सहसा देत नाही. त्यासाठी जे साधन लागते ते तिच्यापाशी नाही. ती देते ती एका संध्याकाळची साक्ष. अमुक माणसे अमुक ठिकाणी एकत्र बसली होती, आणि त्यांच्या हसण्याने, खोकल्याने, स्तब्धतेने समोरचा नट क्षणोक्षणी घडत होता, असे ती सांगते. रसिकाला खेचून आणणारा आनंद हा इतिहासाच्या ओळखीचा आनंद आहे. मात्र तो कोरडा नाही. कारण ज्या प्रेक्षकांत आपण नव्हतो, त्यांच्या हसण्याबरोबर आपण हसतो, आणि तेवढ्यापुरते ते विघ्न दूर होते.

उलट उदाहरणानेही हेच दिसते. ट्रेव्हर नन यांनी १९७६ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या एका लहान नाट्यगृहात बसविलेला 'मॅक्बेथ' पुढे दूरचित्रवाणीसाठी चित्रफितीवर घेण्यात आला आणि १९७९ मध्ये प्रक्षेपित झाला. इयन मॅकेलन आणि ज्यूडी डेंच यांच्या त्यातील भूमिका आजही अंगावर काटा आणतात. चित्र स्वच्छ, चेहरे जवळ, प्रत्येक श्वास स्पष्ट. अभिनवगुप्ताची ती दोन्ही विघ्ने येथे जवळजवळ नाहीतच, आणि म्हणून रसनिष्पत्ती होते. परंतु हे चित्रण प्रेक्षकांविना कलागृहात झाले. त्यामुळे ते एक उत्तम स्वतंत्र कलाकृती ठरते. स्ट्रॅटफर्डच्या त्या लहानशा जागेत दाटीने बसलेल्या माणसांचे काय झाले असेल, याविषयी ते मूक आहे. एक फीत रस देते, दुसरी साक्ष देते. दोन्ही क्वचितच एका ठिकाणी मिळतात.

साक्ष म्हटली म्हणजे उलटतपासणीही आली, आणि फितीचे भक्त नेमके हेच विसरतात. ज्यांनी आठवणीची सत्ता झुगारली तेच फितीचे दास होतात. 'फितीवर आहे' हे त्यांना 'मी पाहिले आहे' यापेक्षाही बलवत्तर प्रमाण वाटते. वस्तुतः बर्टन यांचे ते चित्र एकाहून अधिक प्रयोगांतून टिपलेल्या दृश्यांची जुळणी आहे. म्हणजे आपण जी संध्याकाळ पाहतो ती तशी, सलग, कधी झालीच नव्हती. शिवाय बर्टन हे रोज एकसारखे काम करणारे नट नव्हते. लहर, प्रेक्षक आणि प्रकृती यांप्रमाणे त्यांचा हॅम्लेट बदलत असे. १३७ प्रयोगांविषयी दोन-तीन प्रयोगांनी दिलेली जबानी आपण किती मानावी? याच नाटकात काम करणारे एक तरुण नट, रिचर्ड स्टर्न, यांनी तालमींचे गुपचूप ध्वनिमुद्रण केले होते, आणि त्यावर आधारलेले पुस्तक १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. गिलगुड आणि बर्टन यांच्यात एखाद्या वाक्यावरून काय चर्चा झाली ते त्या पुस्तकात आहे, चित्रात नाही. चित्रात जो आत्मविश्वास दिसतो त्याच्या मागची शंका पुस्तकात ऐकू येते. दोन साक्षी एकमेकींशी ताडून पाहिल्यावाचून निर्णय देणे हे न्यायाचे काम नव्हे, आणि समीक्षेचेही नव्हे.

दुर्मिळतेचा विचार येथे केला पाहिजे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७० पासून नाट्यप्रयोगांच्या चित्रणाचा एक मोठा संग्रह जमत आलेला आहे. कलावंतांशी झालेल्या करारांमुळे ती चित्रणे बाहेर जाऊ दिली जात नाहीत. अभ्यासकाने तेथे जाऊनच ती पाहावयाची. कलावंतांच्या हक्काच्या दृष्टीने हे योग्य आहे. परंतु अशा अप्राप्य वस्तूभोवती एक धूसर वलय तयार होते, आणि पाहिलेले सर्वच थोर वाटू लागते. दूरवरून चालत आलेला यात्रेकरू देवळात उणीव काढीत नाही. हे आकर्षण फितीचे आहे, प्रयोगाचे नव्हे. ओळखण्याची खूण सोपी आहे : फीत सर्वांना मिळू लागली की जे ओसरते ते दुर्मिळतेचे आकर्षण, आणि जे उरते ते साक्षीचे. बर्टन यांचा हॅम्लेट आज दुर्मिळ राहिलेला नाही. तरी क्रोनिन यांचा तो थांबा उरला आहे.

'हॅम्लेट' नाटकातच याविषयीचा एक धडा आहे. राजवाड्यात नाटक मंडळी येते, राजासमोर खेळ होतो. परंतु हॅम्लेटची नजर त्या खेळावर नसते. ती चुलत्याच्या चेहऱ्यावर असते, कारण सत्य रंगमंचावर नव्हे तर प्रेक्षकात प्रकटणार आहे हे त्याला ठाऊक असते. जुनी फीत पाहणाऱ्याने हॅम्लेटसारखे बसावे. आणि बर्टन यांच्या त्या प्रयोगातील आणखी एक गोष्ट विसरू नये. त्यात राजाचे भूत रंगमंचावर येत नाही. मागच्या भिंतीवर एक सावली पडते आणि गिलगुड यांचा आधी मुद्रित केलेला आवाज ऐकू येतो. जिवंत नटांच्या मेळाव्यात एकटे भूत तेवढे मुद्रित होते. आज त्या चित्रात सारेच नट त्या भुताच्या पंक्तीला जाऊन बसले आहेत. परंतु भुताचेही म्हणणे ऐकून घ्यावे लागते, आणि ते खरे की खोटे याचा शोध ऐकणाऱ्यालाच घ्यावा लागतो.

हा सर्व विचार केवळ तात्त्विक राहू नये, असे एक निकडीचे कारण आहे. फीत अमर नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहभस्माचा थर ज्या द्रव्याने चिकटविलेला असतो ते द्रव्य हवेतील ओलावा शोषून चिकट होते. कोकण-गोव्यासारख्या दमट प्रदेशात तर फितीवर बुरशीही चढते. ती दाखविणारी यंत्रे आता नव्याने तयार होत नाहीत. घरगुती फीतयंत्र बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने ते काम २०१६ मध्ये थांबविले. आपल्या भागातील हौशी मंडळांच्या, स्पर्धांच्या, उत्सवांतील प्रयोगांच्या फिती कपाटांत आणि माळ्यांवर पडून आहेत. त्या मोठ्या नटांच्या नाहीत, म्हणून त्यांची नक्कल करून ठेवावी असे कोणास वाटत नाही. महाराष्ट्राबाहेर इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, मडगाव येथे मराठी नाटक कसे जगले, याचा पुरावा मात्र प्रामुख्याने तेथेच आहे.

परंतु नुसती नक्कल पुरेशी नाही. ज्या फितीवर तारीख नाही, स्थळ नाही, पात्रांची नावे नाहीत, ती मुक्या साक्षीदारासारखी आहे. त्या प्रयोगाला जे हजर होते त्यांच्यापैकी काही जण आज आपल्यात आहेत. त्यांना त्या फितीपुढे बसवावे आणि शेजारी ज्याने काही पाहिले नाही असा एक तरुण बसवावा. एकाने सांगावे, दुसऱ्याने विचारावे, आणि दोघांचे बोलणे लिहून घ्यावे. तसे झाले तर आठवण फितीला आणि फीत आठवणीला सावरील. 'तुम्ही ते पाहिले नाही' या चार शब्दांची जागा 'या, बरोबर पाहू' हे शब्द घेतील.

बेळगावकडील ती फीत पाहून झाल्यावर तिच्या मालकाने ती उचलून पुन्हा कपाटात ठेवली. सुभद्रेचे काम कोणी केले होते असे विचारता, नाव आता आठवत नाही, परंतु आईला ठाऊक होते, असे उत्तर मिळाले. आई गेल्या वर्षी वारल्या होत्या.